वर्षातून एकदा पाहुणा

राफ्ट काठाला लागली की माणसं उतरतात, हेल्मेट काढतात आणि सगळी एकदम बोलायला लागतात. कोणी कोणाचं ऐकत नाही. गणेशगुडीला काळी नदीच्या काठावरच्या आमच्या कॅम्पात हा गोंधळ रोज व्हायचा, आणि रोज त्यात ऐकणारा एक माणूस असायचा. नागूदादा.

नागूदादा आमच्याकडचे सगळ्यांत जुने गाईड. बाकीचे गाईड राफ्ट ओढून वर घेत, ओले कपडे बदलत आणि मोबाईलला रेंज मिळते त्या फणसाखाली जाऊन उभे राहत. नागूदादा तसेच ओलेत्याने चहाचा कप घेऊन पाहुण्यांच्यात बसायचे. हुबळीकडची माणसं असली तर "हेगित्तु?", पुण्याकडची असली तर "कसं वाटलं?" समोरचा सांगायला लागला की हे डोळे मोठे करून ऐकत.

"अहो काका, बोट अशी उभीच राहिली!"

"उभी?"

"सरळ उभी! मला वाटलं, गेलो आता."

"अरे देवा! मग?"

हे विचारणारा माणूस त्याच बोटीत, मागच्या टोकाला, वल्हं घेऊन बसलेला असायचा. बोट उभी राहिली तेव्हा तिला परत पाण्यावर टेकवणाराही तोच. पाहुण्यांना हे आठवायचंच नाही, आणि दादा आठवण करून द्यायचे नाहीत.

मी एकदा त्यांना विचारलं, "दादा, तुम्ही तिथंच होता की. मग विचारता काय?"

"व्हय, पर मी माझ्या जाग्यावर होतो," ते म्हणाले. "त्या पाव्हण्याच्या जाग्यावरनं कसं दिसलं, ते मला कसं कळायचं?"

ठेंगणा, काळासावळा, रुंद खांद्याचा माणूस. केस नेहमी पाणी लावून विंचरल्यासारखे. बहुतेक वेळा ते खरोखरच पाण्याने बसलेले असायचे. आयुष्यभर नदीच्या आवाजावर ओरडून "फॉरवर्ड! बॅक! खाली बसा!" म्हटल्यामुळे त्यांना हळू बोलताच यायचं नाही. एखादी गुपित गोष्ट ते माझ्या कानाशी येऊन सांगत आणि स्वयंपाकघरातून उत्तर येई. मॅनेजरच्या नव्या मिशीबद्दलचं त्यांचं खासगी मत अख्ख्या कॅम्पाने, मिशीसकट, ऐकलेलं आहे.

मी त्या कॅम्पात बुकिंगच्या काउंटरवर लागले ती कॉलेज संपल्या संपल्या. आम्ही रामनगरचे, मूळचे खानापूरकडचे. बाबांचं किराणा दुकान. दुकान कधी बंद राहायचं नाही, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस बाबा दाराला कुलूप लावायचे आणि आम्हाला गणेशगुडीला आणायचे. चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीचं लोणचं. काठावरच्या सपाट खडकांवर बसून आम्ही जेवायचो आणि समोरून जाणाऱ्या लाल-पिवळ्या राफ्ट बघायचो. आतली माणसं किंचाळत गेली की माझा भाऊ आणि मी काठावरून किंचाळायचो. माझ्यासाठी ती जत्राच होती, आणि ती वर्षातून एकदाच भरायची. पुढे कॉलेजच्या मुलींबरोबर पहिल्यांदा राफ्टमध्ये बसले तेव्हा इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला होता. म्हणून तिथे नोकरी आहे असं कळलं तेव्हा मी बाबांना विचारलंही नाही, सरळ सांगितलं.

बाबा म्हणाले, "हलवायाच्या पोराला पेढा गोड लागत नाही. आवडीच्या ठिकाणी नोकरी धरू नये, पोरी. नोकरी राहते आणि आवड जाते."

मी हसले. त्या वयात बापाचं खरं ठरेल असं कोणाला वाटतं?

पहिल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळच्या बसमधून नागूदादा उतरले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपलांऐवजी बूट, केसांना पाण्याऐवजी तेल. बरोबर सावित्रीवहिनी, नव्या कोऱ्या साडीत. मी म्हटलं, "दादा, आज उशीर?" तर त्यांनी ओळख दाखवली नाही. रांगेत चौथे का पाचवे उभे राहिले. नंबर आल्यावर माझ्यासमोर येऊन म्हणाले, "नमस्कार. आमाला राफ्टिंग करायचं हाय. भीती न्हाई न्हवं?"

मला वाटलं, काहीतरी थट्टा आहे. मी मागे बघितलं तर मॅनेजर मान हलवून 'दे तिकीट' म्हणून खुणावत होता. वर्षातून एक दिवस ते असे येत. त्या दिवशी ते रजेवर असत, तिकीट काढत आणि पाहुणा म्हणून वागत. एखाद्या नव्या गाईडने चुकून "दादा, जरा तो दोर धरा" म्हटलं, तर दादा दिलगिरीने हात जोडत. "आमी पाव्हणे हाव बाबा. आमाला त्यातलं काय कळतंय?"

राफ्टमध्ये ते पुढच्या रांगेत बसले. गाईड सांगेल तेवढंच वल्हं मारलं. लाट आली तेव्हा खरोखर ओरडले. परत आल्यावर जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभे राहिले आणि आचाऱ्याला म्हणाले, "सोलकढी झकास हाय हां तुमची!" तो आचारी रोज त्यांच्या शेजारी बसून तीच सोलकढी प्यायचा.

वहिनींना मी हळूच विचारलं, "हे काय असतं हो?"

"वेड हाय त्येंचं," वहिनी म्हणाल्या. पण पदर सारखा करत हसल्या. "वर्साचा एक दिस. सणच म्हण."

पुढच्या वर्षी ते आले तेव्हा बरोबर त्यांची आई होती.

हे साधं नव्हतं, ते सांगायला हवं. नागूदादांचं मूळचं घर आता सुप्याच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. भाताची खाचरं, गोठा, देवाचा दगड, सगळं पाण्यात गेलं तेव्हा दादा लहान होते. धरणामुळे उठलेल्या पुष्कळ कुटुंबांसारखं त्यांचंही बिऱ्हाड रामनगरला आलं. आई रामनगरला आली ती आलीच. त्यानंतर तिने नदीकडे तोंड केलं नाही. पोरगा त्याच नदीवर कामाला लागला हे तिला कधी पटलं नाही. "ज्या पाण्यानं आमचं घर गिळलं, त्याच्यावर बसून लोकं हसत्यात आनी तू त्येंना हसवतोस," असं ती म्हणायची. ही गोष्ट दादांनी मला सांगितली ती त्यांच्या नेहमीच्या चढ्या आवाजात, सगळ्यांसमोर, लाइफ जॅकेट वाळत घालता घालता. एरवी त्यांच्या मोठ्या आवाजाला आम्ही हसायचो. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

आई का आली ते मला माहीत नाही. वहिनी म्हणाल्या, "कोन न्हाई बोललं तिला. सकाळी आमी निघालो तर चपला घालून दारात हुबी." धाबळीच्या गाठोड्याएवढी राहिलेली म्हातारी. तिला राफ्टमध्ये बसवणं शक्य नव्हतं, आणि ती बसलीही नसती. दादांनी तिला उचलून खालच्या शांत डोहापाशी नेलं आणि खडकावर बसवलं. माझा काउंटर तिथून दहा-बारा पावलांवर आहे. ती बराच वेळ समोरच्या झाडीकडे बघत बसली, पाण्याकडे नाही. शेजारी बसलेले दादाही काही बोलत नव्हते. हळू बोलता येत नाही म्हणून गप्प बसले असतील. मग तिने वाकून हात पाण्यात घातला, काढला, पदराला पुसला.

"थंडच हाय अजून," ती म्हणाली.

एवढंच. परत जाताना तिने मला विचारलं, "तू दुकानदाराची गे पोर? ह्याला जेवाय घालता न्हवं येळेवर?" त्या दिवशी दादा राफ्टमध्ये बसलेच नाहीत. तिकीट काढलं होतं, ते तसंच खिशात ठेवून आईला घेऊन बसने गेले.

तोवर बाबांचा पेढा मला कडू लागायला लागला होता.

सांगण्यासारखं मोठं काही घडलं नव्हतं. रोजचंच. शनिवार-रविवारी माणसांची झुंबड. खोलीत गरम पाणी नाही म्हणून भांडणं. धरणातून पाणी सुटलं नाही की राफ्ट चालत नाहीत, आणि धरण जणू मीच अडवून धरलंय असं लोक माझ्यावर ओरडत. ओल्या जॅकेटांचा कुबट वास कपड्यांना, केसांना, डब्याला. लोक नदीकडे पाठ करून उभे राहत आणि फोटो काढत. जिथे मी वर्षातून एकदा किंचाळायला यायची, तिथे आता कोणी किंचाळलं की माझं डोकं दुखायचं. बेळगावला एका कपड्यांच्या मोठ्या दुकानात जागा आहे असं मावशीने कळवलं. मी होकार देऊन टाकला.

मॅनेजरला सांगण्याआधी नागूदादांना सांगावंसं वाटलं. ते काठावर पालथ्या घातलेल्या राफ्टला ठिगळ लावत बसले होते.

"मी सोडते दादा."

"का गे बाय? कोन बोललं काय?"

"कोण नाही. मला इथं आता काही वाटतच नाही. नदीचा आवाज ऐकू येत नाही. आला तरी पंख्यासारखा येतो."

मला वाटलं ते समजूत घालतील. म्हणतील, असं कसं, किती छान जागा आहे. ते ठिगळावर अंगठा दाबून धरून म्हणाले, "व्हय. जातो त्यो. माझा पन गेलता."

"तुमचा?"

"मग? मी काय दगड हाय? सुरवातीला लई मजा वाटली. फुकटात रोज नदी! मग रोजचीच झाली. सकाळी उठून वाटायचं, आज धरणानं पानीच सोडू नये. लोकं वरडायली की मनात म्हनायचो, आता ह्येंना बुडवतोच." ते स्वतःच मोठ्याने हसले. "बुडवलं न्हाई कुनाला. पर मनात यायचं."

"मग परत कसा आला?"

त्यांनी अंगठा उचलला. ठिगळाची कड नखाने तपासली. मग म्हणाले, "आंब्याच्या बागंचा राखनदार आंबा खात न्हाई म्हन्त्यात. खोटं हाय ते. त्याला आंबा नको झालेला नसतो. त्याला कोन कापून ताटात वाढत न्हाई, म्हनून खात न्हाई. बागंत बसून त्यो सगळ्यांचे आंबे मोजतो, मग त्याला त्यात आंबा कुठं दिसनार? त्यालाबी कुनीतरी एक दिस पाटावर बसवाय पायजे."

मी पालथ्या राफ्टच्या कडेला टेकले.

"जायचं तर जा," दादा म्हणाले. "बेळगाव वाईट न्हाई. पर जायच्या आधी एक दिस पाव्हनी म्हनून ये. बाबांना घेऊन ये. मॅनेजरला मी सांगतो."

बाबांना घेऊन जाणं हे राफ्टपेक्षा अवघड काम होतं. इतकी वर्षं ते आम्हाला काठावर आणत होते, पण स्वतः कधी पाण्यात उतरले नव्हते. "मला पोहता येत नाही, आणि ह्या वयात दुकानदाराने बुडू नये," असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाली, "जावा की. पोरीचा शेवटचा दिवस आहे तिथला." तेव्हा ते निघाले, चेहऱ्यावर दवाखान्यात चालल्यासारखा भाव.

काउंटरवर त्या दिवशी दुसरी मुलगी होती. रांगेत उभी राहून मी पहिली गोष्ट पाहिली ती ही, की ती पावत्या उलट्या बाजूने फाडत होती. मग हेल्मेटचा एक पट्टा तुटलेला दिसला. पाट्यांवर धूळ होती. मनात म्हटलं, काही उपयोग नाही, मी पाहुणी होऊच शकत नाही.

नागूदादा आमच्यासमोर आले. माझं जॅकेट घट्ट करत म्हणाले, "पयल्यांदाच आलासा काय, ताई?"

"दादा, पुरे हां."

"घाबरू नका. नदी चांगली हाय. आमच्या वळखीची हाय." आणि बाबांकडे वळून, "काका, तुमी माझ्याजवळ बसा. पाय असा आत अडकवा. ओरडावं वाटलं तर ओरडायचं. दुकानात ओरडता येतंय काय कवा?"

बाबा नकळत हसले.

पहिल्या लाटेपर्यंत मी जॅकेटची बक्कलं बघत होते. दुसऱ्या लाटेला पाणी डोळ्यांत गेलं आणि काही दिसेना. मग माझ्या मागून एक आवाज आला, आणि तो कोणाचा ते मला कळेना, कारण तो मी जन्मात ऐकला नव्हता. माझे बाबा ओरडत होते. भीतीने नव्हे. लहान मुलगा आंब्याच्या झाडावरून ओरडतो तसे, तोंड वर करून, कोणालाही न लाजता. चष्मा दोरीने बांधलेला, तो नाकाखाली लोंबत होता. मी वळून बघितलं तर ते म्हणाले, "पुढं बघ, पुढं! अजून एक येतीय!"

काठाला लागल्यावर दादा चहा घेऊन आले आणि बाबांसमोर उकिडवे बसले. "काका, कसं वाटलं?"

बाबांनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं. साखर तोलता तोलता हाताने लाट दाखवायचे.

माझं काय झालं, असं दादांनी मला नंतर विचारलं. मी खरं सांगितलं. "अर्धी मजा आली दादा. अर्धा वेळ मी पावत्याच बघत होते."

"अर्धी आली न्हवं? अर्धी लई झाली," ते म्हणाले. "माझीबी अर्धीच येती."

मी बेळगावला गेले नाही. लहानपणची ती जत्रा मला परत मिळाली असं काही नाही. ती गेली ती गेलीच, बाबांचं तेवढं खरं होतं. पण त्या दिवशी माझ्या मागून जो आवाज आला होता तसा आवाज रोज कोणाच्या तरी घशातून निघतो, आणि त्याला तिकीट मी फाडून दिलेलं असतं, हे मला तेव्हा कळलं. ते पुरेसं होतं. अजूनही मी त्याच कॅम्पात आहे. वर्षातून एक दिवस रजा काढून पाहुणी होते.

पुढे दादांचा खांदा निकामी झाला. उजवा. डॉक्टरांनी वल्हं बंद करायला सांगितलं. मॅनेजरला त्यांना घरी पाठवायचं नव्हतं, हेही खरं. पण त्याला सुचलं ते भलतंच. त्या सुमारास शाळांच्या सहली वाढल्या होत्या आणि मुलांचं स्वागत करायला त्याने कुठूनसा एक पोशाख मागवला होता. आमच्या जंगलातला धनेश पक्षी, ज्याला इथे सगळे हॉर्नबिलच म्हणतात. काळे पंख, पांढरी शेपटी आणि कागदाच्या लगद्याची हातभर पिवळी चोच. तो घालून दादांनी दारात उभं राहायचं.

आम्ही सगळेच चिडलो. वहिनी तर कॅम्पात येऊन मॅनेजरला म्हणाल्या, "होड्या हानून खांदा घालवला त्येनं, आता पाखरू करताय व्हय त्येला?" मी मॅनेजरशी भांडायला निघाले तेव्हा दादा शेडच्या मागे बसले होते, चोच मांडीवर घेऊन.

"दादा, नाही म्हणा. आम्ही सगळे आहोत."

"बस जरा," ते म्हणाले.

"वाईट वाटलं ना?"

"वाटलं की. खोटं कशाला बोलू?" चोचीवरचा रंग ते बोटाने चाचपत होते. "नदीत मी म्हनलं 'खाली बसा' तर कलेक्टरबी खाली बसायचा. आता माझं तोंडबी दिसनार न्हाई कुनाला." समोरच्या झाडावर काहीतरी खडबडलं, तिकडे त्यांनी बघितलं. "पर एक सांग. ही चोच अशी सरळ धरून हुबं ऱ्हायचं, असं मॅनेजर सांगतोय. हॉर्नबिल कवा असा सरळ हुबा बघितलास? त्यो मान तिरकी करून बघतोय. आदी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या."

आणि त्यांनी ती चोच डोक्यावर चढवली आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं.

पहिली सहल आली ती लहान मुलांची. सगळी पोरं पक्ष्याभोवती नाचायला लागली, पण एक मुलगी चोच बघून भोकाड पसरून रडायला लागली. बाईंनी उचललं तर अजूनच. दादा तिच्या जवळ गेले नाहीत. तिथेच धुळीत बसले, चोच पंखाखाली घातली आणि गप्प पडून राहिले, झोपलेल्या पाखरासारखे. आजूबाजूची पोरं शांत झाली. बऱ्याच वेळाने त्या मुलीचं रडू थांबलं. ती बाईंच्या कडेवरून उतरली, पाय घासत घासत आली आणि एका बोटाने पंखाला शिवली. पंख हलला नाही. ती परत शिवली. मग पंखाखालून, दादांच्या मानाने अगदी बारीक, म्हणजे नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात विचारणा झाली, "गेली काय भीती?"

मुलगी म्हणाली, "माझी गेली. तुझी?"

दादांनी तो पोशाख एक हंगामभर घातला. मग पावसाळ्यात कॅम्प बंद झाला तेव्हा मॅनेजरकडे जाऊन म्हणाले, "पाखरू बास झालं. आता घरी जातो." निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. "भाषन करता येत न्हाई मला, वरडता येतंय," म्हणाले. सगळ्यांबरोबर जेवले, आचाऱ्याला भात मऊ झाला म्हणून सांगितलं आणि संध्याकाळच्या बसने गेले.

त्यानंतर माझं लग्न झालं, सासर खानापूरकडचं. कॅम्प मी सोडला नाही, पण दादांची भेट होईना. गेल्या पावसाळ्यात वहिनींचा फोन आला की दादा गेले. झोपेतच, त्रास काही नाही. फोन ठेवल्यावर मला त्यांचं वल्हं आठवलं नाही, की नदी आठवली नाही. मला आठवली ती त्या आधीच्या उन्हाळ्यातली, माझ्या सासरच्या गावची जत्रा.

मी लेकीला घेऊन दुकानांच्या रांगेतून चालले होते. दिवे नुकतेच लागले होते. जत्रेच्या टोकाला मोठा पाळणा फिरत होता, आणि वरून एक आवाज आला, "आवय गे!" दुसऱ्या कोणाचा असणं शक्यच नव्हतं. वर बघितलं तर नागूदादा, पांढरा शर्ट, दोन्ही हातांनी समोरची दांडी आवळलेली, डोळे घट्ट मिटलेले. शेजारी वहिनी, एकदम निवांत, चुरमुरे खात.

पाळणा थांबला. दादा झोकांड्या खात उतरले. मी हाक मारली, पण इंजिनाच्या धडधडीत ती गेली नाही, आणि ते माझ्याकडे नाही, सरळ पाळणा चालवणाऱ्या माणसाकडे गेले. इंजिनापाशी स्टुलावर तो बसला होता. मळका बनियन, तोंडात तंबाखू, नजर कुठेच नाही. दादांनी त्याचा हात धरला.

"लई भारी फिरवलंस, भावा. वरनं सगळं गाव दिसलं. देवळाचा कळस, बाजार, पार पलीकडचं तळंबी."

त्या माणसाने तंबाखू थुंकली. मग म्हणाला, "तळं दिसतंय वरनं?"

"तुला म्हाईत न्हाई?"

"मी कवा बसलोच न्हाई वर."

पुढचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही. त्या माणसाचा भाऊ पलीकडे तिकिटं देत होता, त्याला दादांनी बोलावून आणलं. तो आधी नाही म्हणाला, मग हसत इंजिनापाशी बसला. वहिनी तोवर माझ्याजवळ आल्या होत्या. माझ्या लेकीच्या हातात चुरमुरे देत म्हणाल्या, "मला एक डाव बास झाला. आनी ह्येंचं बघ. परत चालले."

पाळणा सुरू झाला. रस्त्यावरून नवऱ्याने हाक मारली, गाडी निघायची होती. मी वहिनींना म्हटलं, "दादांना सांगा, भेटते म्हणून," आणि लेकीला कडेवर घेतलं. जाता जाता मागे वळून बघितलं. अगदी वर, दिव्यांच्याही वर, दोन माणसं दिसत होती. दादा हात लांब करून काहीतरी दाखवत होते. आणि तो पाळणेवाला, बनियनमधला, दोन्ही हातांनी दांडी धरून, त्यांच्याहूनही मोठ्याने ओरडत होता.